नरसिंहपूरची ओवरी आणि आतून लागणारी कडी

इंदापूरहून बावड्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो, आणि तो नरसिंहपूरच्या वेशीपर्यंत सोबत सोडत नाही. पुणे जिल्ह्याचं हे अगदी आग्नेय टोक. पश्चिमेकडून नीरा येते, उत्तरेकडून भीमा, आणि दोघींच्या मध्ये निमुळत्या होत गेलेल्या जमिनीवर हे गाव बसलं आहे. नीरेपलीकडे माळशिरस, भीमेपलीकडे माढा. म्हणजे दोन्ही काठांसमोर सोलापूर जिल्हा. पावसाळ्यात या गावाचं नाव रोज बातम्यांत असतं. वर भीमेवर उजनी आणि नीरेवर वीर, दोन्ही धरणांतून पाणी सोडलं की पंढरपूरकर आधी विचारतात, नरसिंहपूरच्या संगमावर किती क्युसेक आहे? पाऊस ओसरला की मग गाव पुन्हा आपल्या शांततेत जातं. वैशाखात नृसिंह जयंतीला तेवढी मोठी गर्दी होते, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांचं हे कुलदैवत आहे.

आम्ही गेलो ते डिसेंबरात. पाणी उतरलेलं, घाटाच्या काळ्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, आणि वर किल्ल्यासारखा वाटणारा देवळाचा चिरेबंदी तट. आजचं हे बांधकाम पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी केलं, असं मानतात. नदीकाठचं बांधकाम आहे, पुराला तोंड द्यायचं आहे, हे त्या माणसाला आणि त्याच्या पाथरवटांना पक्कं ठाऊक होतं. दगड नुसता रचलेला नाही, बसवलेला आहे. आमच्यासारख्या नमाजी माणसांना देवळाच्या गाभाऱ्यात काम नसतं. पण आवारात बसायला, घाटावर उतरायला कुणी मज्जाव केला नाही. उलट एका आजोबांनी, "या चाचा, सावलीला बसा," म्हणून माझ्या यजमानांना ओवरीत जागा करून दिली.

त्या ओवरीविषयीच मला लिहायचं आहे.

ओवरी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शहरी मुलांना आता सांगावं लागतं. देवळाच्या आवाराच्या भिंतीला आतून लागून बांधलेली खणाखणांची ओळ. मागे भिंत, दोन बाजूंना भिंत किंवा खांब, वर छत, आणि समोरची बाजू पूर्ण मोकळी. तिथे फक्त कमान. जोतं उंच ठेवलेलं, म्हणजे अंगणातलं पावसाचं पाणी आणि मोकाट जनावर आत येत नाही. मागच्या भिंतीत दिवा ठेवायला कोनाडा, कधी सामान ठेवायला दुसरा. एवढंच. लांबून आलेला यात्रेकरू इथे पथारी टाकायचा, तीन दगड मांडून भाकरी भाजायचा, पहाटे नदीवर आंघोळ करून दर्शन घ्यायचा आणि वाटेला लागायचा. कुणी अनुष्ठानाला बसलेला महिनाभर राहायचा. कुणी म्हातारा, ज्याला परत जायला घरच उरलं नाही, तो राहूनच जायचा. भाडं नाही, नोंद नाही, आणि उद्या ऊठ म्हणायला कुणी येत नाही. ज्यांनी हे बांधलं त्यांना स्थापत्याचं पुस्तक लिहायचं नव्हतं, पण उन्हाळ्यात थंड, थंडीत वारा अडवणारी आणि शे-दोनशे वर्षं दुरुस्तीशिवाय टिकणारी गरिबाची जागा कशी असावी, याचं उत्तर त्यांनी दगडात देऊन ठेवलं.

मी हे सगळं कौतुकाने सांगत होते. माझ्या फुफू, वय पंच्याहत्तर, गुडघे चोळत ऐकत होत्या. मग त्यांनी कमानीकडे बोट दाखवून विचारलं, "अगं, पण बाईमाणसानं इथं निजायचं कसं? ना दार, ना कडी."

फुफू बत्तिसाव्या वर्षी बेवा झाल्या आणि भावाच्या घरी आल्या. तेव्हापासून त्या माजघरात निजतात. सगळ्यांनंतर अंथरूण घालायचं आणि सगळ्यांच्या आधी गुंडाळायचं. त्यांची एक पत्र्याची पेटी आहे, तीही कुठल्या कुठल्या पलंगाखाली फिरत असते. अशी एक फुफू, एक खाला आपल्या बहुतेक घरांत असते. खायला-प्यायला कमी नसतं, ईदला नवे कपडे होतात, मुलं अंगाखांद्यावर वाढतात. फक्त कडी लावून बसावं अशी जागा नसते. म्हणून स्थापत्याची माझी सगळी मांडणी त्यांनी एका वाक्यात मोडली, आणि ती मोडली ते बरंच झालं.

त्यांच्या प्रश्नाने मला इंग्लंडमधली एक इमारत आठवली. मुलगा साउथॅम्प्टनला नोकरीला आहे, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने जवळच्या विंचेस्टर गावात नेलं होतं. तिथे 'हॉस्पिटल ऑफ सेंट क्रॉस' नावाची जागा आहे. हॉस्पिटल म्हणजे दवाखाना नव्हे. जुन्या अर्थाने पाहुण्याला, निराधाराला आसरा देणारं घर. हेन्री द ब्लोआ नावाच्या बिशपने बाराव्या शतकात, ११३० च्या दशकात, तेरा गरीब म्हाताऱ्यांसाठी ते सुरू केलं. तिथे आजही म्हातारे राहतात. अशा घरांना इंग्रजीत 'आम्सहाउस' म्हणतात, म्हणजे दानाचं घर. इंग्लंडच्या गावोगावी ती आहेत.

वाटसरूने फाटकावर मागितलं तर पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर द्यायची, हा सेंट क्रॉसचा रिवाज अजून चालू आहे. आम्ही पाव तेवढा घेतला.

फाटकातून आत गेलं की मोठा चौक, मध्ये हिरवळ, एका अंगाला भलंमोठं चर्च, आणि दुसऱ्या अंगाला म्हाताऱ्यांच्या राहण्याची लांब दुमजली ओळ. आपल्या आवारासारखंच, चौक आणि त्याभोवती ओळ. पण नजर जाते ती छपराकडे. पंधराव्या शतकातल्या त्या इमारतीवर उंचच उंच धुराडी एका रांगेत उभी आहेत. मुलगा म्हणाला, "अम्मी, धुराडी का मोजतेस?" मोजत होते, कारण धुराडं म्हणजे चूल. एका जिन्यावर चार बिऱ्हाडं, आणि प्रत्येक म्हाताऱ्याला आपली बसायची खोली, निजायची खोली, आपली शेकोटी. मराठीत 'वेगळी चूल मांडली' म्हटलं की कुणीतरी भांडून वेगळं झालं असा अर्थ निघतो. तिथे गरिबाला वेगळी चूल देणं हाच दानाचा भाग होता.

याच्या आधीची धर्मादाय घरं अशी नव्हती. मध्ययुगात एक लांबलचक दालन असायचं, दोन्ही भिंतींना खाटा, आणि टोकाला प्रार्थनेची जागा, म्हणजे आजारी माणसाला निजल्या जागेवरून प्रार्थना दिसावी. पुढे हळूहळू त्या दालनात आडोसे आले, आडोशांच्या भिंती झाल्या, भिंतींना दारं आली. सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत आम्सहाउस म्हणजे छोट्या छोट्या घरांची ओळ, असं रूप पक्कं झालं. लंडनमध्ये १७१४ मध्ये बांधलेली सर रॉबर्ट जेफ्री याच्या नावाची चौदा घरांची ओळ आहे. आता तिथे घरगुती जीवनाचं संग्रहालय आहे, आणि त्यातलं एक घर जुन्यासारखं लावून दाखवतात. तिथे एका माणसाला एकच खोली मिळे, पण खोली त्याची. मधोमध, दाराच्या वर, दात्याचा पुतळा. हा जेफ्री लंडनचा महापौर होता, आणि गुलामांच्या व्यापारातही त्याचे पैसे गुंतलेले होते. म्हाताऱ्याला छप्पर देणारा पैसा कुठून आला, हा प्रश्न त्या पुतळ्यावरून लंडनमध्ये अलीकडे बराच गाजला. दान देणाऱ्याचं नाव दगडात कोरायची हौस सगळीकडे सारखी.

बायकांसाठीही अशी घरं होती. नॉर्फक परगण्यात कासल रायझिंग गावात १६१४ मध्ये एका उमरावाने खास म्हाताऱ्या बायकांसाठी एक बांधलं. चौक, भोवती खोल्या, आणि सणाच्या दिवशी घालायला लाल झगा व उंच टोकदार टोपी. नियम मात्र कडक. बाई निदान छप्पन्न वर्षांची हवी, वाचता येणारी हवी, भीक मागणारी नको, भांडखोर नको. ओवरीत बसून मी हे सांगितलं तेव्हा फुफू म्हणाल्या, "मला वाचता येत नाही आणि भांडण आल्याशिवाय राहत नाही. मला कोण घेणार?"

हसण्यावारी नेलं तरी त्यांचं म्हणणं खरं आहे. ओवरीला दार नव्हतं म्हणून ती निवडही करत नव्हती. निदान कागदावर तरी. आम्सहाउसला दार होतं, म्हणून दारात पारख करणारा माणूस बसला. गावचाच हवा, चालचलणुकीचा हवा, रोज चर्चला जाणारा हवा, रात्री फाटक बंद व्हायच्या आत परतणारा हवा. उघड्यावर भीक मागणारा बहुतेक बाहेरच राहिला.

आणि आतल्यांचंही नेहमी भलं झालं असं नाही. सेंट क्रॉसच्या जमिनींचं उत्पन्न मोठं. एकोणिसाव्या शतकात तिथला प्रमुख होता गिल्फर्डचा अर्ल फ्रान्सिस नॉर्थ. १८०८ पासून जवळजवळ पन्नास वर्षं त्या पदावर राहून त्याने संस्थेचं उत्पन्न आपल्या खिशात घातलं. म्हातारे आपापल्या खोल्यांत, नियमाप्रमाणे झगे घालून. मालक आपल्या वाड्यात. अखेर खटला झाला आणि १८५३ मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध गेला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये धर्मादाय संस्थांवर देखरेख करणारं कायमचं आयोग नेमलं गेलं. अँथनी ट्रोलपची 'द वॉर्डन' ही १८५५ ची कादंबरी अशाच एका घराची गोष्ट आहे. त्यातले बारा म्हातारे आणि त्यांच्या नावावर सुखात राहणारा भला माणूस वाचताना आपल्याकडचे दोन-चार चेहरे डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाहीत.

कारण हे सगळं आपल्याला परकं नाही. मिळकत अल्लाहच्या नावे बांधून ठेवायची, तिची विक्री नाही, वारसा नाही, उत्पन्न गरजूंसाठी. यालाच आपण वक्फ म्हणतो. जकातीच्या हकदारांत फकीर आणि मिस्कीन यांच्याबरोबर वाटसरूही आहे. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की बघायला आपण सहलीला जातो, पण ती चक्की तिथे का आहे हे मुलांना क्वचित सांगतो. बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांची ती खानकाह. लांब हर्सूलकडून मातीच्या नळांतून जमिनीखालून पाणी आणलं, आणि अठराव्या शतकात, १७४४ च्या सुमारास, तुर्कताज खानाने त्या पाण्यावर चक्की बसवली. ती खानकाहचं पीठ दळायची. तिथल्या फकिरांची, विद्यार्थ्यांची, मुसाफिरांची रोटी त्या पाण्यावर चालायची. आवारात मशीद, हौद आणि हुजरे. हुजऱ्याला दार असतं. एका दरवेशाला एक हुजरा, कोनाडा, चटई, आणि ध्यानाला बसताना आतून लावायची कडी.

पण हुजरा पुरुषांचा. बाई दर्ग्यात गेली तर तिच्या वाट्याला बाहेरचा व्हरांडा. मी हे फुफूंना सांगत असताना यजमानांनी मध्येच टोकलं, "सगळीकडे असं नव्हतं." ते इतिहासाचे शिक्षक, त्यांचं बरोबर असतं. कैरोमध्ये सन १२८५ मध्ये सुलतान बैबर्सच्या मुलीने, तिझकारबाय खातूनने, शेखा जैनब बगदादिया यांच्यासाठी एक रिबात बांधला होता. तिथे बेवा, तलाक झालेल्या, नवऱ्याने सोडलेल्या बायका राहायच्या, पुन्हा निकाह होईपर्यंत किंवा नवऱ्याच्या घरी परत जाईपर्यंत. मिस्रचा इतिहासकार मकरीझी याने त्याची हकिगत लिहून ठेवली आहे. कासल रायझिंगच्या लाल झग्यांच्या तीनशेहून अधिक वर्षं आधी. एका बाईने, एका बाईच्या देखरेखीत, बायकांसाठी. फुफूंनी ते नाव दोनदा म्हणवून घेतलं.

ऊन उतरलं तसे आम्ही घाटावर गेलो. इथे एकत्र झालेलं पाणी पुढे पंढरपूरला जातं आणि चंद्रभागा म्हणवतं. त्या वाटेनेच आणखी एक इमारत आठवते. ओवरी निवड करत नव्हती असं मी वर 'कागदावर' म्हटलं. व्यवहारात ती जात बघायची. पंढरपूरच्या वारीत चालत आलेल्या महाराला, मांगाला, चांभाराला ना मंदिर उघडं होतं, ना इतरांच्या धर्मशाळा. चोखोबांच्या वारसांनी वाळवंटात निजायचं, पाऊस आला तरी. गाडगे महाराजांनी हे पाहिलं आणि पंढरपुरात संत चोखामेळा धर्मशाळा बांधली. गाडगेबाबा स्वतः झाडू आणि मडकं घेऊन फिरणारे, स्वतःला घर नसलेले. मंदिर सर्वांना खुलं झालं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. छप्पर त्याच्या कितीतरी आधी मिळालं होतं. १९४९ मध्ये बाबांनी ही धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, शिकणाऱ्या मुलांसाठी. मुंबईतही त्यांनी मोठ्या इस्पितळांजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. आपल्या कितीतरी घरांतली माणसं कर्करोगाच्या उपचारांसाठी परळला गेली की दादरच्या त्या धर्मशाळेत उतरली आहेत, हे विसरायला नको.

पुण्यात नवी पेठेत डेव्हिड ससून यांच्या नावाचं 'निवारा' आहे. बगदादहून आलेल्या या ज्यू व्यापाऱ्याच्या दानातून १८६० च्या दशकात निराधार, अपंगांसाठी ते उभं राहिलं, आणि आजही वृद्ध तिथे राहतात. आपल्या जिल्ह्यात इंग्रजी आम्सहाउसच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर ते हेच.

परतताना बावड्याच्या अलीकडे गाडी थांबवावी लागली. उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा. शेजारच्या मोकळ्या रानात कोप्या होत्या, पंचवीस-तीस. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड मजूर येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' धरतात. दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचं घर म्हणजे ही कोपी. बांबूच्या वाकवलेल्या कामट्या, वर पाचट किंवा ताडपत्री, आत ताठ उभं राहता येत नाही. दाराच्या जागी पोतं. पहाटे अंधारात बाईने उघड्यावर आंघोळ उरकायची, आणि तोडीला निघायचं. नदीच्या काठी पाथरवटांनी देवाच्या दारी आलेल्या वाटसरूसाठी दगडी छत केलं. त्याच नदीच्या पाण्यावर पोसलेल्या उसाला आलेल्या या माणसांना मात्र पाचटच. त्यांच्या मुलांसाठी सरकारने अलीकडे वसतिगृहांची योजना आणली आहे, चांगलं आहे. आईबाप कोपीतच आहेत.

ट्रॅक्टर हलेपर्यंत फुफू गाडीतून उतरून एका कोपीपाशी गेल्या, तिथल्या पोरीशी बोलल्या, आणि हातातली पिशवी तिच्या हवाली करून आल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर यजमानांनी आणि मी एक कागद घेतला. आमच्या मोहल्ल्यात मशिदीच्या नावे एक पडीक तुकडा आहे, आणि रस्त्याकडेला गाळे काढण्याची चर्चा गेली चार वर्षं चालू आहे. गाळे काढा, पण दोनच. त्यांचं भाडं दुरुस्तीला. मागे पाच खोल्या, दहा बाय बारा फुटांच्या, एका अंगणाभोवती. प्रत्येक खोलीला आपलं दार, आतून कडी, आपला ओटा आणि गॅसची जागा, आपली मोरी आणि संडास. वर छपराखाली एक सलग व्हरांडा, बायकांना दुपारी एकत्र बसायला. वाचता येण्याची अट नाही, भांडखोर चालेल. वक्फ कायद्याप्रमाणे मुतवल्लीने दरवर्षी हिशेब बोर्डाला द्यायचाच असतो. त्याचीच एक प्रत जुम्याच्या नमाजनंतर फळ्यावर लावायची, म्हणजे आपल्यात कुणी अर्ल तयार होणार नाही. नाव कुणाचं द्यायचं यावर जमातीत वाद होईल, म्हणून नाव न देण्याचं सुचवलं आहे. कागद कमिटीच्या सदर साहेबांकडे पोचला. त्यांनी पहिला प्रश्न जागेच्या हद्दीचा विचारला, तेव्हा सोमवारी आम्ही मोजणीची नक्कल आणि उतारा काढायला अर्ज दिला.